बेटम्यापर्यंतची फेरी

घटस्फोटानंतर नऊ वर्षांनी तो स्कूटर विकायला म्हणून आला. स्कूटर त्याच्या नावावर होती आणि सुदामा नगरातल्या माझ्या घराच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. आमचं मोठं भांडण असं कधी झालंच नव्हतं. तो सांवेर रोडच्या कारखान्यात, मी कॉलेजात शिकवायला. बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस दोघांनीही सह्या केल्या. थांब, असं कुणीच म्हटलं नाही.

मी चहा टाकायला आत वळले तेवढ्यात त्याने सवयीने किक मारली. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. नऊ वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आम्ही बघतच राहिलो. मग तो म्हणाला, एक चक्कर मारू या. मी गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि मागे बसले. चौकापर्यंत जाऊन परत यायचं होतं, पण तो धार रोडला लागला आणि आम्ही थेट तीसेक किलोमीटरवरच्या बेटम्याला पोचलो. तिथे टपरीवर उभ्याने कचोरी खाल्ली. किती वर्षांनी मी इतकी हसले, आणि कशावर, ते आता आठवतही नाही.

परतल्यावर फाटकातच स्कूटर बंद पडली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने टाकी उघडून दाखवली. आत नुसता गंज, पेट्रोलचा थेंब नाही.

"मैडम, ये तो चल ही नी सकती," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही.

स्कूटर विकायचं राहूनच गेलं, आणि तो दर रविवारी माझ्याकडे यायला लागला. पोहे मी करायची, वरून जिरावन मसाला तो भुरभुरायचा, दरवेळी जास्तच. तिसऱ्या महिन्यात त्याच्या ताटातलं उरायला लागलं. एकदा त्याच्या पिशवीत चष्मा शोधताना हॉस्पिटलचा रिपोर्ट हाती लागला. त्यावरची तारीख तो स्कूटरसाठी आला त्याच्या आदल्या आठवड्याची होती. मागचं सगळं निस्तरत निघाला होता तो, आणि त्यातच एक स्कूटर होती.

मी फार चिडले. त्या दिवशीच का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

त्याने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दया येऊन मागे बसली असतीस. मला तू नुसती बसायला हवी होतीस."

त्याच आठवड्यात त्याचं सामान माझ्याकडे आणलं. दोन बॅगा होत्या. पाच महिने मिळाले, त्यातले दोन बरे गेले.

अग्नी त्याच्या भावाने दिला. सुतक कुणाकुणाला, यावर भावकीत बोलणं झालं. माझं नाव कुणी काढलं नाही. मी घरी आले आणि तेरा दिवस कॉलेजात गेले नाही. रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं.  शेवटी घरातलं माणूस गेलं, इतकंच लिहिलं.