माझ्या कथांतल्या कोळिणी

मंडळी, आज सकाळी आपल्या ग्रुपवर माझी नवी कथा टाकली. बोरीवलीच्या सोसायटीत दारावर येणारी कोळीण माशांच्या भावावरून भांडते, असा त्यात एक विनोदी प्रसंग आहे.

दुपारी मानसी नावाच्या एका वाचक मुलीची कमेंट आली. 'ताई, माझी आई इतकी वर्षं मासे विकते. ती कुणावर ओरडत नाही. तुमच्या कथांतली प्रत्येक कोळीण मात्र ओरडतेच. का हो?'

लगेच तुमच्यातले बरेच जण माझ्या बाजूने धावून आले. 'अगं, कथा आहे ती, एवढं काय मनाला लावून घेतेस?' खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग सहज जुन्या कथा उघडल्या. चार कथांत चार कोळिणी. चौघीही कमरेवर हात ठेवून ओरडतायत. एकीलाही मी नाव दिलेलं नाही.

मी मानसीला लिहिलं, 'चुकलं गं माझं. तुझ्या आईचं नाव काय?'

तिचं उत्तर आलं, 'कशाला? कथेत घालायला?'

रडू येत नाही, रागही येत नाही. कथा काढलेली नाही, तिची कमेंटही तिथेच आहे.

तुम्हीच सांगा, तिला काय लिहू?