मोरीसानच्या वह्या कपाटातच राहिल्या

मंडळी, जपानमधल्या आमच्या त्सुकुबा शहरात परतताना ट्रेनमध्येच लिहितोय, डोकं अजून तापलेलं आहे.

आज डोंगरातल्या एका गावी शेतीची नासाडी करणाऱ्या हरणांच्या शिकारीवर सरकारी बैठक होती. हरणं कुठे किती, हे शिकाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवणारा कॉम्प्युटर-नकाशा आमच्या टीमने सरकारसाठी बनवलाय. सत्तरीचे शिकारी मोरीसान म्हणाले, "आमच्या दरीत हरणं उरलीच नाहीत. ती पलीकडच्या शिकारबंदीच्या जंगलात गेलीत. दरवर्षी वहीत लिहून देतो, तरी इथेच मारा म्हणता?"

अधिकारी हसला. "कॉम्प्युटर इथेच दाखवतोय."

मला राहवेना. उठून म्हणालो, "यांच्या वह्या आम्हाला मिळालेल्याच नाहीत!"

शोधल्यावर त्या तिथल्याच सरकारी कचेरीच्या कपाटात सापडल्या. आणि आमचे मॅनेजर मलाच ओरडले, "क्लायंटसमोर बोलायची काय गरज होती?"

जन्मभर तो डोंगर चढलेल्या माणसाला माझ्या नकाशाने खोटं पाडलं. मी गप्प बसायला हवं होतं का?