मामांचा ‘वाला’

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगुड्याच्या शाळेत वर्गावर होते... आणि खोटं कशाला सांगू, मनात पहिलं आलं ते हे, की आता ‘वाला’वर बोलणारं कोणी उरलं नाही. त्या विषयाचा मला वीट आला होता. माझे हे मामा जन्मभर भाषा शिकवत आले आणि या एका प्रत्ययाच्या हात धुऊन मागे लागले. टांगेवाला, रखवाला, घरवाला. एक पंडित म्हणे, हा मूळचा ‘पाल’, म्हणजे सांभाळणारा. दुसरा म्हणे, छे. मग तेलुगूतल्या ‘पालवाडु’ म्हणजे दूधवाला, ‘इंटिवाळ्ळु’ म्हणजे घरवाले, यांचं काय? त्यांचं कूळ निराळं, असं कोश सांगत, आणि मामा कोशावर चिडत. त्यांचा जबडा डावीकडे वाकडा होता. चिडले की शब्द फेंगडे पडायचे.

जबडा कशानं मोडला, ते आईनं तेराव्यानंतर मलकपेठच्या घरात, त्यांच्या खोलीत बसून मला सांगितलं. संस्थान विलीन होण्याआधी एका दुपारी निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं त्यांच्या गल्लीत शिरली. आजोबा कचेरीत होते. दोन घरं पेटली, दारात बसलेल्या एका म्हाताऱ्याला तलवारीनं कापलं. शेजारच्या मुसलमान मावशींनी, खालांनी, मामांना आणि लहानग्या आईला आपल्या घरात ओढून घेतलं. माणसं दाराशी येऊन ठेपली तेव्हा खाला म्हणाल्या, “मेरे घरवाले हैं.” ती माणसं पुढे निघून गेली.

मग निजामाचं राज्य गेलं आणि कुऱ्हाडी आपल्या लोकांच्या हातात आल्या. होय, आपल्याच... इथं मला मऊ शब्द वापरायचा नाही. ते खालांच्या मुलासाठी, करीमसाठी आले. मामा तेव्हा सतरा वर्षांचे. खालांच्या उंबऱ्यात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, हे आमचे घरवाले आहेत. येणारे गल्लीतलेच, मामांना लहानपणापासून ओळखणारे. लोखंडी कांब जबड्यावर बसली. करीमला केसांना धरून बाहेर ओढलं आणि मामांच्या डोळ्यांदेखत पायरीवर तोडलं. पायरी आईनं आणि आजोबांनी धुतली.

मामांना चावता येईना. खाला, ज्यांचा मुलगा गेला होता त्या खाला, रोज येऊन त्यांना खिमट भरवायच्या. एकदा मामांनी तुटक शब्दांत रडत विचारलं, तुमचं ऐकलं त्यांनी, माझं का नाही ऐकलं? आई भिंतीशी बसून ऐकत होती. पुढे इतकी वर्षं ते कोशांतून हेच विचारत असतील का, मला ठाऊक नाही.

खालांनी ओढणीनं त्यांची हनुवटी पुसली. “मैं झूट बोली, मान लिए. तू सच बोलरा करके मालूम था उनकू. इसीच वास्ते मारे, बेटा.”

आणि पुढचा घास त्यांच्या तोंडाशी धरला. मामांनी तो गिळला, आई म्हणाली.