बिनविरोध

व्यंकटराव चहा बशीत ओतून पीत. बातम्या टीव्हीचा आवाज बंद करून बघत. बैठकीत कुणी "माझं मत जरा वेगळं आहे" म्हटलं, की आपली खुर्ची त्याच्याकडे वळवत. आणि 'बिनविरोध' हा शब्द कानावर पडला, की तोंड कडू झाल्यासारखं घोटभर पाणी पीत.

चिकलठाण्याच्या त्यांच्या सोसायटीत तात्यासाहेब पंधरा वर्षं बिनविरोध अध्यक्ष होते. त्यांना प्रश्न विचारला, की विचारणाऱ्याच्या इमारतीला पाण्याचा टँकर उशिरा पोचे. उन्हाळ्यात व्यंकटराव गेटसमोर सतरंजी टाकून बसले. दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी बसली. आठवड्यात तात्यासाहेबांचा राजीनामा आला.

त्याच सुमारास टीव्हीवर शेजारच्या देशातली पोरं सत्ताधाऱ्याच्या महालात शिरून पलंगावर लोळत होती. खालच्या मजल्यावरची सई, नुकतीच मराठीत एम.ए. झालेली, ते बघायला वर आली.

"पडलं की सरकार, काका."

"पडलं. पाडणं जमतं." आणीबाणीत, एकोणिसाव्या वर्षी, ते तुरुंगात होते. "आम्हालाही वाटायचं, आम्हीच पाडलं. पाडलं मतपेट्यांनी. पेटी नसती तर बसलो असतो घोषणा देत आतच."

तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधले कारभारी हार घेऊन आले.

"काका, आता तुम्हीच बसा. समद्यांचं एकमत हाय. बिनविरोध."

व्यंकटराव पाणी प्यायले. "मतदान घेऊ. माझ्याविरुद्ध कुणीतरी उभं राहा."

"तुमच्याइरुद्ध? लई अवघड काम सांगता राव."

ते घरोघर फिरले. सगळीकडं चहा मिळाला, उमेदवार मिळाला नाही. संध्याकाळी जिना चढवेना म्हणून सईच्या दारात बसले.

"तू राहतेस का उभी? मला पाड."

"तुम्हाला कसं पाडू, काका?"

"नाहीतर मी तात्यासाहेब होईन. वेळ लागेल, पण होईन."

ती बरं म्हणाली. त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले. तिच्या आधारानं वर गेले आणि मतपेटीसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्याच्या झाकणाला फट पाडायला बसले. हात भरून आला. "राहिलेलं उद्या," म्हणाले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून सगळे खाली बसले. कारभारी म्हणाले, "आता अनुभवी माणूसच पाहिजे. तात्यासाहेबांनीच बसावं. कुणाची हरकत नाय ना?"

सईनं हात वर केला. कुणी खुर्ची वळवली नाही.

परत जाताना ती वर व्यंकटरावांच्या घरी गेली. डबा टीपॉयवर तसाच होता. फट जेमतेम बोटाच्या नखाएवढी. तिनं कागदाची घडी करून पाहिली. आत जात नव्हती.