लोखंडी खल

तंजावरच्या कॉलेजात मी जो स्फटिक बनवत होते, तो आतून वीज वाहू देत नाही. पृष्ठभागावरून मात्र ती वाहते. साधा कचरा मिसळला तरी हा प्रवाह तुटत नाही, कारण त्याला सममितीचं संरक्षण असतं: काळ उलटा फिरवला तरी इलेक्ट्रॉनांचे नियम तेच राहतात. ही सममिती मोडतं ते चुंबकत्व. लोखंड शिरलं की पृष्ठभागावरच्या ऊर्जेत फट पडते आणि प्रवाह अडतो. हे मी मुलांना शिकवतही होते, म्हणजे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

परगावच्या मोठ्या यंत्रावर माझ्या स्फटिकात फट दिसली. लोखंड नसताना फट! माझे मार्गदर्शक सर हरखले. शोधनिबंध लिहून झाला, त्यावर माझी पीएचडी पुरी होणार होती. घरी अप्पांचं डायलिसिस चालू होतं. ते गणिताचे निवृत्त मास्तर. मुलीचा पदवीदान समारंभ बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

निबंध पाठवायच्या आदल्या सकाळी अम्मा लोखंडी खलात मिरी कुटत होती. खलाकडे बघता बघता मला आठवलं. लॅबमधला दगडी खल तडकला तेव्हा स्फटिकासाठी लागणारे बिस्मथ धातूचे खडे फोडायला मी हाच खल पिशवीत घालून टाउन बसने नेला होता. चांगला घासून, लोखंड उघडं करून नेला होता, मूर्खासारखा!

विचारणारं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर गप्प बसायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण संध्याकाळी अप्पांच्या सुजलेल्या पायांशी बसले आणि सगळं बोलून गेले. नवा स्फटिक करावा लागेल, वर्ष तरी जाईल, हेही.

त्यांनी एवढंच विचारलं:

"सरांस सांगितलीस कीं?"

"अजून नाही, अप्पा."

"उद्यां सकाळीं पैलें जाऊन सांग. अत्तां जेव."

सांगितलं. सर चिडले, मग स्वतःच निबंध बाजूला ठेवला. पुढच्या शुद्ध स्फटिकात फट नव्हती. पुस्तकात असतं तसंच सगळं, नवं काहीच नाही. त्यावर पदवी मिळाली. तोवर अप्पा जाऊन चार महिने झाले होते.

नंतर अम्माने सांगितलं. त्या संध्याकाळच्या आधीच डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं होतं, वर्ष निघणार नाही. मला त्यांचा अजून राग येतो. मला हे कळलं असतं तर मी गप्प बसले असते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.