पायातला पत्ता

आमचे दाजी कृत्रिम पाय बनवतात. पुढच्या खोलीत मापं, मागच्या खोलीत लाकूड, रबर आणि ताईची बडबड. दाजींचा एक हट्ट होता. प्रत्येक पायाच्या घोट्यात पितळी पट्टी ठोकून तिच्यावर आपला ईमेलचा पत्ता कोरायचा. पाय कुरकुरला की गिऱ्हाइकानं लिहावं. पट्टी बोटभर, म्हणून पत्ताही आखूड हवा. शेवटी कुठल्याशा बेटावरच्या देशाची दोन अक्षरं शेपटाला असलेलं इंटरनेटवरचं नाव त्यांनी भाड्यानं घेतलं.

"दाजी, परक्याच्या ओसरीवर बिऱ्हाड थाटताय," मी म्हटलं.

"मेव्हणे, तुम्ही चहा प्या."

मग त्या देशानं ठरवलं, आपली नावं फक्त आपल्या नागरिकांना. दाजींचं नाव बंद झालं. त्याबरोबर मेल गेले, गिऱ्हाइकांचे पत्तेही गेले. त्याच आठवड्यात दुरुस्तीला आलेल्या एका पायाच्या गुडघ्यातला बोल्ट तडकलेला निघाला. त्याच खेपेतला बोल्ट आणखी एकाच पायात होता, उंच मनोरे रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या. तो कामामागे गावोगाव फिरायचा, फोन नंबर सारखा बदलायचा. ईमेलशिवाय त्याला गाठायचं कसं?

दाजींनी त्या देशाच्या कचेरीत फोन लावला. "एकदाच मेल उघडू द्या हो. माझा माणूस उंचावर चढतो."

"तुम्ही आमचे नागरिक आहात का?"

"नाही."

"मग नाही जमणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायचं कुणाशी? देश त्यांचा, नियम त्यांचा.

दाजी ठेकेदारांना फोन करत सुटले. कुणालाच पत्ता नाही. ताई ताट घेऊन मागे मागे फिरायची. "अहो, दोन घास तरी खा."

"तो आजही चढला असेल गं," एवढंच म्हणायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एके दिवशी एक माणूस पायवाल्यांचं दुकान विचारत आला. चादरीत गुंडाळलेला पाय त्यानं टेबलावर ठेवला. "मी रंगाऱ्याचा धाकटा भाऊ."

दाजींनी पट्टी पाहिली आणि लहान पोरासारखे हरखले. "सापडला! बसा, बसा. आत्ता बोल्ट बदलून देतो." पाना शोधायला धावलेसुद्धा.

"दादा तुम्हाला सारखा लिहीत होता," तो म्हणाला. "गुडघा वाजतोय म्हणून. दर वेळी मेल परत यायचा. मग पाय काढून पट्टीवरची अक्षरं पुन्हा वाचायचा. म्हणायचा, माझंच काहीतरी चुकतंय लिहिताना."

दाजी पाना घेऊन उभेच राहिले.

"दुरुस्तीला नाही आणला," भाऊ म्हणाला. "परत द्यायला आणलाय."