दार कोणी उघडलं?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या शुक्रवारी मी सावेडीच्या मावशींकडे गेलोच नव्हतो.

आमचे काका कोणाची तब्येत कशी आहे, असं विचारत नसत. "दार कोणी उघडलं?" एवढंच. आणि मग, "किती वेळ लागला?" भिंगारला लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म गेलेला, मोजल्याशिवाय विश्वास नाही. नगरात आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं उरली थोडी, त्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं चार. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लागण्याआधी प्रत्येकाला जेवणाचा डबा पोचायचा, तोही हातातच द्यायचा. डबा निमित्ताला, बघायचं ते दार. या परीक्षेत पास व्हायला एक आजोबा धावत दाराशी आले आणि पाय मुरगळून बसले. काका म्हणाले, "तब्येत उत्तम. अक्कल दाखवून घ्या."

मावशी माझ्या वाट्याला होत्या. मुलगा इस्रायलला, त्या वॉकरवर. बोलायला लागल्या की तासभर सुटका नाही. त्या दिवशी मी डबा खाली वॉचमनकडे दिला आणि स्कूटर वळवली. काम काही नव्हतं. कंटाळा आला होता.

दिवेलागणीच्या जरा आधी काकांचा फोन आला.

"दार कोणी उघडलं?"

"मावशींनीच."

"किती वेळ लागला?"

"लगेच, काका."

काकांनी फोन ठेवला.

वॉकरवालं माणूस लगेच दार उघडत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी काकांना फोन लावला. शब्बाथला फोन आणि गाडी वर्ज्य, त्यांनी तो बंद केलेला. उठून सावेडीला जाता आलं असतं. बायकोने दिवे लावले, मी आमेन म्हणालो आणि जेवायला बसलो.

शब्बाथला कधी गाडीत न बसलेले काका त्याच रात्री रिक्षा करून सावेडीला गेले. वॉचमनला घेऊन दार तोडलं. मावशी दुपारपासून बाथरूममध्ये पडलेल्या, खुबा मोडलेला.

हे मला रविवारी दवाखान्यात कळलं. मावशींनी माझा हात घट्ट धरला. "तू काकांना कळवलंस म्हणून वाचले रे." मी काकांकडे बघितलं. ते संत्रं सोलत होते. "हो, यानेच कळवलं," म्हणाले आणि फोड मावशींच्या हातात दिली. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "पुढच्या शुक्रवारीही तूच जा."

रागावले असते तर बरं झालं असतं. पुढची सहा वर्षं दर शुक्रवारी त्यांनी मला तेच दोन प्रश्न विचारले, आवाज तोच, आणि माझं उत्तर खरं धरलं.

गेल्या वर्षी काका गेले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पुण्याहून माणसं आली तेव्हा दहा भरले. आता शुक्रवारी फोन येत नाही. मी सावेडीला जिना चढतो, बेल वाजवतो, आतून वॉकरची टकटक जवळ येईपर्यंत घड्याळात बघत उभा राहतो. मावशी स्वतः दार उघडतात. "तुझ्यामुळे आहे मी," म्हणतात. मी डबा त्यांच्या हातात देतो.

त्या शुक्रवारी मी वर आलोच नव्हतो, हे मावशींना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.